पाठवणाऱ्याच्या रकान्यातलं नाव

माझ्या सासऱ्यांना लोक गळतीचे डॉक्टर म्हणत. त्यांना तो शब्द आवडत नसे, पण कोणी तोंडावर वापरला तर ते तो परतही करत नसत. पुण्यात एखाद्या सोसायटीत छत गळायला लागलं की आधी वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण होतं. मग कॉन्ट्रॅक्टर येतो आणि गच्चीवर काळा थर फासून जातो. तरीही गळायचं थांबत नाही, तेव्हा कमिटीतला एखादा वयस्कर सभासद म्हणतो, "नारायण पेठेतल्या सरांना विचारा." ते सर म्हणजे आमचे बाबा. त्यांनी वॉटरप्रूफिंगचं काम स्वतः कधी घेतलं नाही. पाणी कुठून येतंय एवढंच ते सांगत. काम कोणाकडून करून घ्यायचं ते तुम्ही बघा, म्हणत. त्यामुळेच लोकांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता.

मी यवतमाळची. शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग आणि नोकरी केली हिंजवडीत, सॉफ्टवेअर तपासण्याची. आमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलींनी तेच केलं होतं, त्यामुळे त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती चालायला लागली त्या सुमारास आमचं प्रोजेक्ट बंद पडलं. मोठ्या काचेच्या खोलीत बोलावून एका गोड मुलीने मला सांगितलं की कंपनी माझी आभारी आहे. कंपनीच्या बसने शेवटचं घरी येताना वाकडच्या पुलाखाली गाडी तासभर अडकली. मला वाटलं, निदान हे तरी उद्यापासून नाही.

घरी आले तर बाबांचे डोळे जात चालले होते. पडद्याचा मधला भाग निकामी होत होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दारात माणूस उभा आहे हे त्यांना कळे, कोण आहे ते त्याने तोंड उघडल्यावर. अक्षरं तर पूर्णच गेली. आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं, त्यावर संगणक होता, आणि त्यात न वाचलेल्या मेल्स साचत होत्या. सासूबाई आधीच गेल्या होत्या. नवरा सकाळी आठला बाहेर पडायचा. मग मी वाचून दाखवायला लागले.

वाचता वाचता त्यांच्याबरोबर साइटवर जायला लागले. रिक्षाने जायचो. जिने चढताना ते माझा कोपर धरत. भिंतीवर तळहात ठेवून ते मला प्रश्न विचारत. "डागाची कडा कशी आहे? पिवळी की पांढरी? मीठ फुटल्यासारखं दिसतंय का? ओल सकाळी जास्त असते की दिवसभर सारखी?" सकाळी अंघोळींनंतर वाढत असेल तर बाथरूमचं पाणी. दिवसरात्र सारखी असेल तर नळाच्या पाइपाचं, कारण त्यात सतत दाब असतो. फक्त पावसाळ्यात असेल तर गच्ची नाहीतर बाहेरची भिंत. कॉलेजात चार वर्षांत जे मला कोणी शिकवलं नव्हतं ते त्यांनी एका हिवाळ्यात शिकवलं. हे मी मान्य करते, आणि पुढचं सगळं सांगतानाही ते विसरत नाही.

कोथरूडच्या एका सोसायटीचं काम आलं तेव्हा खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, दिव्याच्या पॉइंटमधून पाणी ठिबकत होतं. तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू राहत होते, वाशीमकडचं तरुण जोडपं. नवरा चाकणला कारखान्यात होता. सोसायटीने ठरवून टाकलं होतं की हे लोक पाणी सांडतात. त्यांचा नळ दिवसा बंद ठेवायला सुरुवात झाली होती. चौथ्या मजल्यावर, गच्चीला लागून, चेअरमन राहत होते. बँकेतून निवृत्त झालेले, बागेचे शौकीन.

बाबा त्या दिवशी जिना चढून दमले आणि तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसून राहिले. वर मी एकटीच गेले. चेअरमनसाहेबांनी गच्चीच्या कडेला विटांचे लांब वाफे बांधले होते. वाफ्यांचं पाणी बाहेर जायची भोकं मातीने बुजलेली होती. मी एका वाफ्यात पाण्याबरोबर रंगपंचमीचा उरलेला लाल रंग ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बेडरूममधल्या माणसाने फोन करून सांगितलं की दिव्यातून लाल थेंब पडतोय. वायरिंगचा जुना पाइप चौथ्या मजल्याच्या स्लॅबमधून थेट खाली उतरला होता आणि त्यातून पाणी तिसरा मजला ओलांडून दुसऱ्यावर येत होतं. भाडेकरूंचा काडीचा संबंध नव्हता.

मी हे सगळं नीट लिहिलं, फोटो जोडले, आणि माझ्या पत्त्यावरून चेअरमनना मेल पाठवली. खाली माझं नाव, त्याखाली बी.ई. सिव्हिल. संध्याकाळी उत्तर आलं. "आपली मेल मिळाली. या विषयावर सरांनी स्वतः अभिप्राय द्यावा ही विनंती. कार्यालयातील मदतनिसांशी पत्रव्यवहार करण्याची आमची पद्धत नाही."

मी बाबांना ते वाचून दाखवलं. ते हसले.

"मग माझ्या नावाने पाठव ना. त्यात काय."

"पण बाबा, पाहिलं तर मी."

"अगं, त्यांना माझं नाव हवंय, तर देऊन टाक. नावाने काय भिजतंय?"

बाबांचा पत्ता त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर होता, नवऱ्याने कधीतरी काढून दिलेला. तो फक्त पुढच्या खोलीतल्या संगणकावर जोडलेला होता. मला काम करायचं होतं माझ्या लॅपटॉपवर, मुलगी झोपली की स्वयंपाकघरात बसून. म्हणून मी माझ्याच मेलच्या प्रोग्रॅममध्ये त्यांची ओळख घालायचं ठरवलं. सेटिंगमध्ये जायचं, माझ्या खात्याखाली आणखी एक 'आयडेंटिटी' तयार करायची. पहिला रकाना नावाचा, दुसरा पत्त्याचा, तिसरा उत्तर कुठे यावं याचा. यात आपण काय भरतो ते प्रोग्रॅम तपासत नाही. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहावं, तसं. संगणकवाले याला मास्करेडिंग म्हणतात, म्हणजे मुखवटा लावून वावरणं. हिंजवडीत मी तो शब्द धोक्यांच्या प्रकरणात वाचला होता. कोणी असं करत असेल तर ते पकडायचं कसं, हे तपासायचे पगारी दिवस होते ते.

पहिल्यांदा मी फक्त नाव बदललं, पत्ता माझाच राहिला. चेअरमन बँकेतले होते, त्यांनी बरोबर पकडलं. "सरांच्या नावाने कोण लिहीत आहे?" मग पत्ताही बदलला, पण मेल माझ्याच सर्व्हरवरून जात होती. मी स्वतःला चाचणीची मेल पाठवून पाहिली, तर वर छोट्या अक्षरांत आलं, अमुक पत्त्यावरून तमुक यांच्या वतीने. तमुक म्हणजे बाबा आणि अमुक म्हणजे मी. त्या ओळीकडे मी जरा वेळ पाहत बसले. सगळ्या प्रकारात खरं बोलणारी तेवढी एकच ओळ होती आणि ती काढून टाकायची होती. बाहेर जाणाऱ्या मेलसाठी बाबांच्या डोमेनचा सर्व्हर घातला, त्यांचा पासवर्ड घातला, आणि ती गेली. पुन्हा चाचणी केली. माझ्या इनबॉक्समध्ये सासऱ्यांची मेल आली: "चाचणी." मीच लिहिलेली, आणि माझा कुठे मागमूस नाही. काम चोख झालं होतं.

मग मी चेअरमनना तोच मजकूर पाठवला. एक स्वल्पविरामही बदलला नाही. फक्त खालचं नाव बदललं. तासाभरात उत्तर आलं. "आदरणीय सर, आपण स्वतः लक्ष घातलेत, आभारी आहोत. वाफे या आठवड्यात काढून घेतो. आपल्या नजरेतून काही सुटत नाही हेच खरे."

नजरेतून. मी ते बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. त्या दिवशी खरंच मजा वाटली होती.

वाफे निघाले, गळती थांबली. भाडेकरूंचं पाणी सुरू झालं. शेवटची पाहणी करायला मी गेले तेव्हा त्यांच्यातली बाई जिन्यात भेटली. बोलण्यावरून मी तिकडचीच हे तिने लगेच ओळखलं होतं. "ताई, तुमच्या सरांनी वाचवलं आम्हाले. नाही तं घर सोडावं लागत होतं. त्याईले सांगजा बरं आठोनीनं." मी म्हटलं, सांगते. आणि घरी येऊन सांगितलंही.

त्यानंतर तीच पद्धत पडली. साइटवर मी जायचे. "सरांनी फोटो काढायला पाठवलंय," असं सांगायचं. घरी येऊन अहवाल लिहायचा, बाबांना वाचून दाखवायचा, त्यांच्या नावाने पाठवायचा. सुरुवातीला ते मध्ये थांबवत, दुरुस्ती सांगत. "इतकं समजावू नकोस. पुणेकराला समजावलं की त्याला वाटतं आपल्याला खात्री नाही." त्यांची लिहायची रीत तुटक होती. 'कारण स्पष्ट आहे.' 'गच्चीवर खर्च करणे हौसेचे ठरेल.' मी ती रीत उचलली. माझ्या बोलण्यातलं 'करून राहिली', 'जाऊन राहिली' आधी लिहिण्यातून गेलं, मग तोंडातूनही गेलं. यवतमाळला फोन केला की भाऊ म्हणायचा, "तू आता नोटीस वाचल्यासारखी बोलतं." पुढे पुढे बाबा दुरुस्ती सांगायचे थांबले. मी वाचत असताना ते "हं" म्हणत. मग तेही नाही. "पाठव तू. ऐकायचं काय त्यात?" दुपारी रेडिओ लावून पडून राहत. सल्ला मी देत होते, प्रश्नांची उत्तरं मी देत होते, चिडलेल्या सभासदांना शांत मी करत होते. बाबांना फक्त फोनवर "हो, बघतोय मी," एवढं म्हणावं लागे.

प्रोग्रॅममध्ये बाबांचा पत्ता आता पहिला निवडला जायचा, कारण वापर त्याचाच होता. त्यावरून एकदा घोळ झाला. माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मी घाईत मेल केली, ऑपरेशन कोणत्या हॉस्पिटलात, सोबत कोण राहणार, एवढंच विचारलं. ती गेली सासऱ्यांच्या नावाने. दोन दिवसांनी वडिलांचं लांबलचक उत्तर आलं. "आदरणीय व्याहीसाहेब, आपण जातीने विचारपूस केली, मन भरून आले. आमची लेक आपल्या पदरात घातली ती किती योग्य घरी, हे आज पुन्हा कळाले." आईने फोनवर सांगितलं की त्यांनी ते पत्र गल्लीत चार जणांना वाचून दाखवलं. मी ऑपरेशनची तारीख विचारून घेतली. आणखी काय बोलणार होते? लेकीनेच विचारलं होतं म्हटलं असतं तर तो आनंद गेला असता. लेक तर विचारणारच, त्यात मन भरून येण्यासारखं काय आहे.

काही वर्षं अशी गेली. मग बांधकाम क्षेत्रातल्या एका मंडळाने बाबांचा सत्कार ठरवला. शनिवार पेठेतल्या एका सभागृहात, रविवारी सकाळी. मी त्यांना धोतर नको, पांढरा सदरा बरा दिसेल म्हटलं. हात धरून व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं आणि तिसऱ्या रांगेत येऊन बसले. शेजारी नवरा, मांडीवर मुलगी. शाल, श्रीफळ झालं. एकाने भाषणात सांगितलं की सरांचे अलीकडचे अहवाल तर पाठ्यपुस्तकात घालावेत इतके नेमके आहेत. त्याने एक उताराही वाचला. धानोरीच्या एका इमारतीचा, बाहेरच्या भिंतीतल्या तड्यांबद्दलचा. मी लिहिलेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या, कारण हात रिकामे होते.

मग बाबा बोलायला उठले. आवाज खणखणीत. "या वयात, या डोळ्यांनीसुद्धा, आलेल्या प्रत्येक मेलला मी स्वतः उत्तर देतो. ती सवय मी मोडू दिलेली नाही." टाळ्या पडल्या. ते जरा थांबले आणि म्हणाले, "हां, सूनबाईची टायपिंगला मदत होते."

नवऱ्याने माझ्याकडे पाहून कौतुकाने मान हलवली. म्हणजे उल्लेख झाला, या अर्थाने.

घरी आल्यावर मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "बाबा, टायपिंग?"

"अगं, तिथे सगळं कुठे सांगत बसायचं? लोकांना वेळ असतो का?"

"एक वाक्य लागलं असतं."

"आणि मग काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी माणसं म्हणाली असती, सर आता नावालाच आहेत. कामं आली असती का? ती कामं तूच करतेस ना?"

चेअरमनची ती पहिली मेल मला तोंडपाठ होती, त्यामुळे ते म्हणत होते ते खोटं आहे असंही म्हणता येईना. मी एवढंच म्हटलं, "निदान खाली दोघांची नावं टाकूया. आधी तुमचं, मग माझं."

"बघू," बाबा म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, "तुला नाव कशाला हवंय? सगळं घरातच तर आहे." त्याच्या स्वतःच्या कंपनीत कोणी त्याच्या स्लाइडवर स्वतःचं नाव घातलं होतं तेव्हा तो आठवडाभर नीट जेवला नव्हता. मी त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "ते वेगळं. ते ऑफिस आहे."

त्या 'बघू'चं जे झालं ते असं. काही महिन्यांनी एका सकाळी बाबांचा जुना सहाय्यक घरी आला. पूर्वी त्यांच्याकडे होता, भांडून गेला होता. बाबा सल्ल्याबरोबर कामही का घेत नाहीत यावरूनच ते भांडण झालं होतं. आता त्याचा स्वतःचा वॉटरप्रूफिंगचा मोठा धंदा होता, पांढऱ्या गाडीवर नाव होतं. मी चहा केला. आत ऐकू येत होतं. त्याला बाबांचा व्यवसाय चालवायला घ्यायचा होता. नाव तेच, पत्ता तोच, मेल तीच. बाबा 'हो' म्हणत होते.

तो हात धुवायला आत गेला तेव्हा मी पुढे गेले.

"बाबा, हे सगळं मी करतेय."

"करतेस ना. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग मला का नाही?"

ते खरोखर गोंधळले. त्यांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेने वळला, पण नजर माझ्या बाजूने कुठेतरी भिंतीकडे गेली. "तुला म्हणजे? तुला वेगळं काय द्यायचं? तू घरातलीच आहेस."

"तो गच्च्या फासणारा माणूस आहे. तुम्हीच म्हणायचात, जो औषध विकतो त्याने रोग सांगू नये."

"वय झालं त्याचं आता. सुधारला असेल. आणि साइटवर मिस्त्री लोक बाईचं किती दिवस ऐकतील? तुला मुलगी आहे, घर आहे. दगदग कमी होईल, हे का बघत नाहीस?"

इतक्यात तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला. लॅपटॉप बरोबर आणलाच होता. डायनिंग टेबलावर उघडून ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, सर म्हणाले ते मेलचं सेटिंग तुम्हाला येतं. माझ्या लॅपटॉपवरून जाईल, पण दिसेल सरांच्या नावाने, असं काहीतरी करून द्या ना."

मी त्या खुर्चीवर बसले. अजूनही मला स्वतःचं नवल वाटतं की मी बसले. पण त्या वेळी तीन माणसं वाट बघत होती, नवरा दारात चपला घालून उभा होता आणि म्हणत होता, "करून दे पटकन, दोन मिनिटांचं तर काम आहे." नाव भरलं, पत्ता भरला, सर्व्हर भरला. अर्धवट केलं असतं तर 'यांच्या वतीने' ही ओळ दिसत राहिली असती आणि एखाद्या चेअरमनने त्याला पकडलं असतं. तेही मला करता आलं नाही. काम नीट करायची सवय लागली होती, तीही बाबांचीच. चाचणीची मेल गेली, आली. तो खूश झाला. "जुन्या मेल्स पण मिळतील का, वहिनी? संदर्भाला."

मी बाबांकडे पाहिलं. "दे की," ते म्हणाले.

दिल्या. सगळे अहवाल, सगळी उत्तरं, धानोरीच्या भिंतीसकट. तो गेल्यावर मी माझ्या प्रोग्रॅममधून बाबांची ओळख काढून टाकली. खाली फक्त माझा पत्ता उरला. त्यावर शाळेच्या सूचना आणि गॅसच्या कंपनीच्या पावत्या येत होत्या.

मी नोकरी शोधायला लागले. बाणेरला वॉटरप्रूफिंगची रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं. मुलाखत घेणारा माझ्यापेक्षा लहान होता, बोलायला नम्र. अनुभव विचारला. मी सांगितलं. त्याने नमुना मागितला. मी दोन-तीन अहवाल पुढे केले. त्याने चाळले, मग जरा अवघडून म्हणाला, "मॅडम, हे तर सरांचे आहेत. आम्ही ट्रेनिंगमध्ये वापरतो हे."

"मी लिहिलेत."

"म्हणजे टाइप..."

"लिहिलेत."

त्याने अहवाल नीट जुळवून ठेवले. मग म्हणाला, "सरांचा एक फोन आला तर बरं होईल."

मी घरी जाऊन बाबांना फोन करायला सांगितला नाही. तेवढं मी स्वतःसाठी केलं. त्या मुलाला म्हटलं, मला एखाद्या गळतीवर घेऊन चला. ते पाषाणच्या एका इमारतीत घेऊन गेले, एसीच्या पाण्याचा पाइप भिंतीत सोडलेला होता, फार अवघड नव्हतं. त्यांनी मला घेतलं. पद सगळ्यात खालचं. साइटवर जायचं, फोटो काढायचे, साहेबांना पाठवायचे. म्हणजे खोटं सांगून जे काम करत होते तेच आता खरं सांगून करायला लागले. हळूहळू वर चढले. आज तपासणीचा विभाग माझ्याकडे आहे आणि अहवालाखाली माझं नाव असतं. पण बाबांच्या नावाखालची ती वर्षं फुकट गेली ती गेलीच. माझ्या वयाची माणसं माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहेत, आणि साइटवर कधी कधी कोणी विचारतं, "मॅडम, तुम्ही त्या सरांच्या सूनबाई ना? टायपिंग करायच्या त्या?"

जुन्या सहाय्यकाने सगळीकडे गच्च्या फासल्या. रोग कोणताही असो, सरांचं उत्तर एकच येऊ लागलं: गच्ची पूर्ण उखडून नवीन करावी. लोकांनी ती केली, गळती राहिली. हळूहळू नारायण पेठेतल्या सरांना विचारा म्हणणारी माणसं कमी झाली. बाबांना हे कळायला वेळ लागला, कारण त्यांना दिसत नव्हतं आणि कोणी सांगत नव्हतं. एका सकाळी कोणाचा तरी चिडलेला फोन आला. त्यांनी तो ठेवला आणि मला हाक मारली. मी ऑफिसला निघाले होते.

"तो माझ्या नावाने काय लिहितो गं? एखादं वाचून दाखव."

पुढच्या खोलीतल्या संगणकावर अजून सगळं येत होतं. मी एक उघडून वाचलं. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते.

"मी असं लिहीत नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

ते चाचपडत खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, "तू चांगलं लिहायचीस."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मला वाटलं होतं की हे कधी ऐकलं तर बरं वाटेल. वाटलं नाही. मी म्हटलं, "हे त्या रविवारी बोलायचं होतं."

"आता कोण बोलावतंय सभेला," ते म्हणाले. त्यांना वाटलं, मी त्यांना पुन्हा सभेत बोलायला सांगतेय.

त्यानंतर त्यांनी एकदोनदा मला मेल लिहून देतेस का विचारलं, त्यांच्या एका नाशिकच्या मित्राला. मी नाही म्हटलं. त्यांच्या फोनमध्ये बोलून लिहायची सोय चालू करून दिली आणि कुठे दाबायचं ते अंगठ्याला शिकवलं. त्यांचे ळ आणि ण इतके स्पष्ट आहेत की फोनला काहीच अडचण येत नाही. रोज सकाळी नाश्ता झाला की ते पुढच्या खोलीत बसून मोठ्याने मित्राला मेल सांगत असतात. मी डबा भरत असते तेव्हा ऐकू येतं.

परवा ते सांगत होते, "मुलगा ठीक. नात आता सायकल चालवते. सून कंपनीत जाते, गळतीचंच बघते. त्या लाइनीत तिचं बरं नाव आहे म्हणतात. मीच शिकवलं तिला सगळं."

मी डब्याचं झाकण लावत होते. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दारात जाऊन मी म्हटलं, "बाबा, औषध टेबलावर काढून ठेवलंय," आणि निघाले.